जीवशास्त्राच्या तासाला काय शिकवावे? उत्क्रांती, ‘बुद्धिमान रचना’ आणि मधल्या वाटा

अमेरिकेतल्या सरकारी शाळांचा अभ्यासक्रम वॉशिंग्टनमध्ये ठरत नाही. प्रत्येक राज्य आपली मानके ठरवते आणि त्या चौकटीत प्रत्यक्ष काय शिकवायचे, कोणते पाठ्यपुस्तक विकत घ्यायचे, हे बहुतेक ठिकाणी गावोगावची निवडून आलेली स्कूल बोर्डे ठरवतात. त्यामुळे पेनसिल्व्हेनिया, टेक्सास किंवा जॉर्जियातल्या एखाद्या उपनगरात घर घेतलेल्या मराठी कुटुंबासमोर, अगदी ध्यानीमनी नसताना, असा प्रश्न येऊन उभा राहतो की जीवशास्त्राच्या तासाला उत्क्रांतीबरोबर ‘इंटेलिजंट डिझाइन’, म्हणजे सजीवांच्या घडणीमागे एखाद्या बुद्धिमान रचनाकाराचा हात आहे हे मत, शिकवले जावे की नाही. नागरिकत्व घेतलेल्यांना हे लक्षात ठेवून उमेदवार निवडायचा असतो आणि इतर रहिवाशांनाही बोर्डाच्या जाहीर बैठकीत आपले म्हणणे मांडता येते. ज्याचे मत अजून बनलेले नाही अशा पालकासाठी हा आढावा लिहिला आहे.

या प्रश्नावर आपली माणसे बहुधा दोन प्रकारे बोलतात. काहींना हा ख्रिस्ती लोकांचा घरचा वाद वाटतो आणि आपण त्यात पडू नये असे ते म्हणतात. इतरांचे म्हणणे असते की दोन्ही बाजू मुलांना कळू द्याव्यात, मुले त्यांचे ती ठरवतील. हे दुसरे मत मलाही बरीच वर्षे पटत होते, कारण त्यात मोकळेपणा आहे आणि मुलांच्या बुद्धीवर विश्वास आहे. पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हरच्या शाळांत बुद्धिमान रचना आणण्यावरून झालेल्या खटल्याचे 2005 चे निकालपत्र मुळातून वाचल्यावर मात्र ते पटेनासे झाले, आणि त्याची कारणे मला इथे सविस्तर मांडायची आहेत.

वाद कोणाकोणात आहे

हा धर्म मानणारे आणि न मानणारे यांच्यातला झगडा आहे, अशी समजूत करून घेतली की पुढचा सगळा हिशेब चुकतो. आर्कान्सा राज्याने 1981 मध्ये उत्क्रांती आणि ‘सृष्टिविज्ञान’ (ईश्वराने सृष्टी निर्माण केली हे मत विज्ञान म्हणून मांडणारी शिकवण) यांना वर्गात समतोल वागणूक देण्याचा कायदा केला, तेव्हा त्याविरुद्ध न्यायालयात गेलेल्यांमध्ये मेथडिस्ट, एपिस्कोपल, प्रेस्बिटेरियन आणि रोमन कॅथलिक धर्मगुरू होते, ज्यू संस्था होत्या. जानेवारी 1982 मध्ये तो कायदा रद्द झाला तो त्यांच्या दाव्यावर. पोप बारावे पायस यांनी 1950 मध्येच मानवी शरीराच्या उगमाबाबत उत्क्रांतीच्या अंगाने संशोधन आणि चर्चा करायला कॅथलिकांना मोकळीक दिली होती, आणि पोप दुसरे जॉन पॉल यांनी 1996 मध्ये उत्क्रांती ही निव्वळ गृहीतकापेक्षा अधिक काही असल्याचे म्हटले. डोव्हरच्या खटल्यात उत्क्रांतीच्या बाजूने साक्ष देणारे ब्राउन विद्यापीठाचे केनेथ मिलर आणि बुद्धिमान रचनेच्या बाजूचे मुख्य साक्षीदार, लीहाय विद्यापीठाचे मायकेल बीही, हे दोघेही कॅथलिक. गॅलपच्या 2019 च्या पाहणीत 40 टक्के अमेरिकनांनी ईश्वराने माणूस आजच्याच रूपात निर्माण केला असे सांगितले, 33 टक्क्यांनी माणूस उत्क्रांत झाला पण ईश्वराच्या मार्गदर्शनाने असे, तर 22 टक्क्यांनी या प्रक्रियेत ईश्वराचा भाग नव्हता असे. म्हणजे उत्क्रांती मानणाऱ्यांमध्येही ईश्वर मानणारेच अधिक आहेत.

ज्यांचा विरोध आहे त्यांची भीतीही नीट समजून घ्यायला हवी, कारण ते उद्या आपले शेजारी असतात आणि त्यांची मुले आपल्या मुलांच्या बाकावर बसतात. बायबलमधला उत्पत्तीचा ग्रंथ अक्षरशः खरा मानणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने आदम ही ऐतिहासिक व्यक्ती नसेल तर आदमाचे पाप नाही, आणि ते पाप नसेल तर त्यातून सोडवणाऱ्या ख्रिस्ताच्या बलिदानाचा अर्थच हरवतो. त्यांच्या लेखी हा प्रश्न जीवाश्मांचा नसून तारणाचा आहे. 1925 मध्ये टेनेसीतल्या डेटन गावी गाजलेल्या खटल्यात उत्क्रांती शिकवण्याविरुद्ध उभे राहिलेले विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांना ‘बळी तो कान पिळी’ हे तत्त्वज्ञान मुलांच्या मनात रुजेल अशी धास्ती होती, आणि ती अगदी निराधार नव्हती, कारण त्या वर्गात वापरलेल्या जीवशास्त्राच्या पुस्तकात माणसांच्या ‘वंशसुधारणे’चा पुरस्कार खरोखरच केलेला होता. उत्क्रांती शिकवल्याबद्दल शिक्षक जॉन स्कोप्स यांना त्या वेळी 100 डॉलर दंड झाला, तो पुढे तांत्रिक कारणावरून रद्द झाला, आणि ती शिकवण्यावरची टेनेसीतली बंदी मात्र 1967 पर्यंत कायम राहिली.

कोणती वाट कायद्याने उघडी आहे

उत्क्रांती अजिबात शिकवू नये, ही वाट 1968 पासून बंद आहे. आर्कान्सातल्याच एका शिक्षिकेच्या दाव्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अशी बंदी राज्यघटनेच्या पहिल्या दुरुस्तीविरुद्ध, म्हणजे शासनाने धर्माची बाजू घेऊ नये या तरतुदीविरुद्ध, ठरवली. उत्क्रांती शिकवायची असेल तर सृष्टिविज्ञानही शिकवलेच पाहिजे, ही लुइझियाना राज्याने 1981 च्या कायद्याने काढलेली वाट त्याच न्यायालयाने 1987 मध्ये 7 विरुद्ध 2 मतांनी बंद केली. राहतात चार वाटा. पहिली, विज्ञानाच्या तासाला फक्त उत्क्रांती. दुसरी, तिच्याबरोबर बुद्धिमान रचना. तिसरी, रचनेचे नाव न घेता उत्क्रांतीच्या ‘बलस्थानांची आणि उणिवांची’ चर्चा. आणि चौथी, सृष्टीच्या उत्पत्तीविषयीची धार्मिक मते विज्ञानाबाहेरच्या वर्गात. यांखेरीज आपल्या मुलापुरता वेगळा मार्ग काढण्याचीही एक सोय आहे. तिच्याविषयी शेवटी.

पहिली आणि दुसरी वाट: डोव्हरमध्ये काय घडले

या दोन वाटांची तुलना कागदावर करण्याची गरज नाही, कारण पेनसिल्व्हेनियाच्या यॉर्क काउंटीतल्या डोव्हर या लहानशा स्कूल डिस्ट्रिक्टने ती प्रत्यक्षात करून दाखवली. 18 ऑक्टोबर 2004 रोजी तिथल्या बोर्डाने 6 विरुद्ध 3 मतांनी ठराव केला की विद्यार्थ्यांना डार्विनच्या सिद्धांतातल्या त्रुटींची आणि बुद्धिमान रचनेसह इतर मतांची जाणीव करून द्यावी. त्यानुसार नववीच्या जीवशास्त्राच्या वर्गात एक निवेदन वाचायचे ठरले. डार्विनची थिअरी ही वस्तुस्थिती नव्हे, तिच्यात पुराव्याअभावी रिकाम्या जागा आहेत, बुद्धिमान रचना हे जीवसृष्टीच्या उगमाचे वेगळे स्पष्टीकरण आहे, आणि ते जाणून घ्यायचे असल्यास ‘ऑफ पांडाज अँड पीपल’ हा संदर्भग्रंथ शाळेत उपलब्ध आहे, असा त्याचा आशय होता. विद्यार्थ्यांनी मन मोकळे ठेवावे, असेही त्यात सांगितले होते.

विज्ञानाच्या शिक्षकांनी हे निवेदन वाचायला नकार दिला. बुद्धिमान रचना हे विज्ञान नाही, ते जीवशास्त्र नाही आणि तो मान्यताप्राप्त वैज्ञानिक सिद्धांतही नाही, असे त्यांनी लेखी कळवले, आणि हे निवेदन वाचणे म्हणजे विद्यार्थ्यांची जाणूनबुजून दिशाभूल करणे होय अशी भूमिका घेतली. अखेर जानेवारी 2005 मध्ये प्रशासनातले अधिकारी वर्गात आले, त्यांनी निवेदन वाचले आणि या विषयावर पुढे चर्चा होणार नाही, शिक्षकही प्रश्नांची उत्तरे देणार नाहीत, असे सांगून ते निघून गेले. ‘दोन्ही बाजू कळू द्या’ या माझ्या मताला पहिला तडा गेला तो इथे. ज्या बाजूला एकही प्रश्न विचारायची परवानगी नाही, ती बाजू मुलाला कळली असे कसे म्हणायचे? आपल्याकडच्या शास्त्रचर्चेत पूर्वपक्ष मांडायचा तो पूर्ण ताकदीने, मग त्याला उत्तरपक्ष आणि त्यानंतरच सिद्धांत. डोव्हरच्या मुलांना पूर्वपक्षाचा केवळ मथळा ऐकवला गेला आणि उत्तरपक्षाला वर्गाचे दार बंद केले गेले.

अकरा पालकांनी 14 डिसेंबर 2004 रोजी दावा दाखल केला. ‘किट्झमिलर विरुद्ध डोव्हर एरिया स्कूल डिस्ट्रिक्ट’ या नावाने ओळखला जाणारा हा खटला सप्टेंबरच्या अखेरीपासून नोव्हेंबर 2005 च्या सुरुवातीपर्यंत चालला. ज्यूरी नव्हती, निकाल न्यायाधीश जॉन जोन्स यांनी दिला. त्यांची नेमणूक राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी केली होती, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे, कारण निकालानंतर त्यांच्यावर पक्षपाताचे आरोप झाले.

या खटल्यात सर्वांत निर्णायक ठरली ती त्या संदर्भग्रंथाची जन्मकथा. लुइझियाना खटल्याच्या निकालाआधीच्या त्याच्या खर्ड्यांमध्ये ‘क्रिएशन’, म्हणजे ईश्वरी निर्मिती, हा शब्द आणि त्याची रूपे जागोजाग होती. 1987 च्या निकालानंतरच्या खर्ड्यांत नेमक्या त्याच जागी ‘इंटेलिजंट डिझाइन’ आले, आणि व्याख्या मात्र जवळपास शब्दशः तीच राहिली. तत्त्वज्ञानाच्या अभ्यासक बार्बरा फॉरेस्ट यांनी हे खर्डे न्यायालयापुढे ठेवले. एका खर्ड्यात तर ‘क्रिएशनिस्ट्स’ हा शब्द अर्धवट पुसून त्यात ‘डिझाइन प्रोपोनंट्स’ घुसडताना दोन्ही शब्दांची एकमेकांत गुंतलेली, कोणत्याच भाषेत नसलेली अशी एक अक्षररचना शिल्लक राहिली होती. सर्वोच्च न्यायालयाने ज्या मालाला दार बंद केले, तोच माल नवी चिठ्ठी लावून परत आणला गेला, हे यानंतर वेगळे सिद्ध करावे लागले नाही. शाळेला ‘देणगी’ म्हणून मिळालेल्या पुस्तकांसाठी बोर्डाच्याच एका सदस्याने आपल्या चर्चमध्ये पैसे जमवले होते, आणि काही सदस्य याविषयी शपथेवर खोटे बोलले, असे न्यायाधीशांनी निकालपत्रात स्पष्ट लिहिले. ज्यांनी धर्मश्रद्धेचा अभिमानाने आणि जाहीरपणे उच्चार केला त्यांनीच आपला खरा हेतू लपवावा, याची खंत त्यांनी व्यक्त केली. ती खंत मला श्रद्धावान माणसांच्या बाजूची वाटते.

20 डिसेंबर 2005 च्या 139 पानी निकालाने बोर्डाचे धोरण घटनाबाह्य ठरले. त्याआधीच, 8 नोव्हेंबरच्या निवडणुकीत, पुन्हा उभ्या राहिलेल्या आठही सदस्यांना गावाने घरी पाठवले होते. नव्या बोर्डाने अपील केले नाही. निर्णय घेणाऱ्याने याच्या दोन बाजू ध्यानात घ्याव्यात. अपील न झाल्यामुळे हा निकाल कायद्याने बांधतो तो मध्य पेनसिल्व्हेनियापुरता. इतरत्र त्याचे वजन मोठे असले तरी तो बंधनकारक नाही. आणि हरलेल्या बाजूने जिंकलेल्यांच्या वकिलांचा खर्च द्यायचा, या नागरी हक्कांच्या कायद्यातल्या तरतुदीमुळे डोव्हरवर 20 लाख डॉलरांहून अधिक बोजा पडू शकत होता. वकिलांनी तो कमी करून सुमारे 10 लाख डॉलरांवर तडजोड केली. हा पैसा करदात्यांचा असतो आणि शाळेच्याच तिजोरीतून जातो.

विज्ञान म्हणून तुलना

कायदा बाजूला ठेवला तरी विज्ञानाच्या कसोटीवर या दोन मतांची तुलना करणे भाग आहे, कारण एखादे मत धार्मिक लोकांनी मांडले एवढ्यावरून ते चूक ठरत नाही. बीही यांचा मुख्य मुद्दा असा की पेशीतली काही यंत्रे इतकी परस्परावलंबी आहेत की त्यांतला एक भाग काढला तर सगळे ठप्प होते. अशी यंत्रे टप्प्याटप्प्याने कशी घडतील? जिवाणूचे फिरते शेपूट, रक्त गोठण्याची साखळी आणि रोगप्रतिकार यंत्रणा ही त्यांची उदाहरणे. प्रश्न चांगला आहे, आणि एखाद्या हुशार विद्यार्थ्याने तो विचारला तर शिक्षकाला आनंदच व्हावा. पण त्याला उत्तरे मिळाली आहेत. जिवाणूच्या शेपटातल्या प्रथिनांपैकी काहींचा संच, बाकीचा भाग नसतानाही, विष टोचणाऱ्या सुईसारखे काम दुसऱ्या जिवाणूंत करताना दिसतो. रक्त गोठण्याच्या साखळीतला एक घटक डॉल्फिन आणि देवमाशांमध्ये नाही, तरी त्यांचे रक्त व्यवस्थित गोठते. रोगप्रतिकार यंत्रणेच्या उत्क्रांतीवरचे 58 शोधनिबंध आणि कित्येक पुस्तके न्यायालयात बीही यांच्यापुढे ठेवली गेली, तेव्हा ती पुरेशी नाहीत एवढेच उत्तर त्यांनी दिले. वैज्ञानिक सिद्धांताची त्यांनी केलेली व्याख्या इतकी सैल होती की तिच्यात फलज्योतिषही बसते, हे त्यांनी उलटतपासणीत मान्य केले. विद्यापीठांत ज्योतिषाचे वर्ग सुरू करण्यावरून 2001 नंतर भारतात जो वाद झाला तो ज्यांना आठवतो, त्यांना या कबुलीचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

उत्क्रांतीची बाजू कशी वेगळी आहे, हे दोन उदाहरणांनी कळते. माणसात गुणसूत्रांच्या 23 जोड्या आहेत, चिंपांझी, गोरिला आणि ओरांगउटान यांच्यात 24. पूर्वज एकच असेल तर माणसात कुठेतरी दोन गुणसूत्रे जोडली गेल्याची खूण सापडलीच पाहिजे; न सापडती तर सिद्धांतच अडचणीत आला असता. आपल्या दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्राच्या मधोमध, एरवी फक्त टोकाला असणारा डीएनए आढळतो, आणि निकामी झालेल्या दुसऱ्या मध्यबिंदूचे अवशेषही. मिलर यांनी हे न्यायालयात समजावून सांगितले. दुसरे उदाहरण टिक्टालिक या सुमारे 37.5 कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्माचे. मासे आणि चतुष्पाद यांच्यामधला दुवा कोणत्या वयाच्या खडकात मिळायला हवा याचा आधी अंदाज बांधून संशोधक कॅनडाच्या उत्तर टोकाला गेले, अनेक मोसम शोधत राहिले, आणि 2004 मध्ये तो त्यांना तिथेच मिळाला. आधी अंदाज बांधायचा आणि मग तो खोटा ठरण्याचा धोका पत्करायचा, ही हिंमत बुद्धिमान रचनेच्या मांडणीत मला कुठेही आढळली नाही. अज्ञात रचनाकार काहीही, केव्हाही, कसेही करू शकत असेल, तर कोणताच पुरावा त्याच्या विरोधात जाऊ शकत नाही, आणि म्हणून कोणताच पुरावा त्याच्या बाजूनेही जात नाही.

‘थिअरी म्हणजे नुसता तर्क’ हा डोव्हरच्या निवेदनाचा आधार इंग्रजीतल्या बोलीभाषेवर उभा आहे. तिथे माणूस ‘माझी एक थिअरी आहे’ असे कशालाही म्हणतो. मराठीत आपण त्यासाठी सिद्धांत हा शब्द वापरतो, म्हणजे विचारांती जे सिद्ध ठरले ते, आणि तर्काला गृहीतक म्हणतो. घरी मुलाशी मराठीत बोलताना हा फरक त्याला समजावणे सोपे जाते. शाळेतून तो ‘इट्स ओन्ली अ थिअरी’ हे वाक्य घेऊन आला तर जरूर समजावावा.

तिसरी वाट: ‘बलस्थाने आणि उणिवा’

डोव्हरनंतर बुद्धिमान रचनेचे नाव घेणारी धोरणे जवळपास थांबली आणि त्यांची जागा अशा कायद्यांनी घेतली, जे शिक्षकाला उत्क्रांतीची चिकित्सा करण्याचे ‘स्वातंत्र्य’ देतात. या चळवळीची मुख्य संस्था, सिॲटलची डिस्कव्हरी इन्स्टिट्यूट, हिलाही बुद्धिमान रचना सक्तीने शिकवावी हे मान्य नव्हते. वाद शिकवा, असा तिचा आग्रह होता. लुइझियानाने 2008 मध्ये असा कायदा केला, त्यावर सही करणारे गव्हर्नर बॉबी जिंदल हे भारतीय कुटुंबातले. टेनेसीने 2012 मध्ये तसाच कायदा केला. पश्चिम व्हर्जिनियाने 2024 मध्ये केलेल्या कायद्याने, विद्यार्थ्याने विश्वाच्या किंवा जीवसृष्टीच्या उगमाविषयी प्रश्न विचारल्यास वैज्ञानिक सिद्धांतांवर चर्चा करण्यापासून शिक्षकाला रोखता येणार नाही, असे ठरले.

चारही वाटांत ही निवडणे सर्वांत अवघड आहे, कारण ऐकायला ती निर्दोष वाटते. चिकित्सक वृत्ती कोणाला नको असते? मी इतकेच पाहतो की चिकित्सेसाठी निवडलेल्या विषयांत अणुसिद्धांत किंवा जंतुसिद्धांत का नसतात. लुइझियाना आणि टेनेसीच्या कायद्यांत उत्क्रांतीच्या शेजारी जीवसृष्टीचा उगम, जागतिक तापमानवाढ आणि मानवी क्लोनिंग हे विषय नावानिशी दिले आहेत. विज्ञानातल्या खऱ्या वादांची ही यादी नव्हे. समाजाला अस्वस्थ करणाऱ्या विषयांची ही यादी आहे. उत्क्रांतीच्या अभ्यासकांमध्ये खरे वाद आहेतच. नैसर्गिक निवडीच्या तुलनेत यादृच्छिक बदलांचा वाटा किती, बदलाचा वेग एकसारखा की टप्प्याटप्प्याने, यांवर ते हिरिरीने भांडतात. ते वाद वर्गात यावेत. मात्र सजीवांचा पूर्वज समान आहे की नाही, यावर त्यांच्यात वाद नाही.

या वाटेचा एक परिणाम कायद्याच्या पुस्तकात दिसत नाही. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाच्या दोन राज्यशास्त्रज्ञांनी 2007 मध्ये देशभरातल्या 926 जीवशास्त्र शिक्षकांची पाहणी केली. त्यांत सुमारे 28 टक्के शिक्षक उत्क्रांती ठामपणे शिकवत होते, सुमारे 13 टक्के सृष्टिवादाची बाजू घेत होते, आणि उरलेले सुमारे 60 टक्के वाद टाळण्यासाठी विषय निसटता उरकत होते. या 60 टक्क्यांची मला सर्वांत जास्त चिंता वाटते. आपल्या डिस्ट्रिक्टचे धोरण उत्तम असेल, पण एखाद्या पालकाच्या तक्रारीला घाबरून शिक्षिकेने ते प्रकरण दोन दिवसांत संपवले, तर मुलाच्या हाती काय लागले? म्हणून पहिली वाट निवडणाऱ्या पालकाने तिच्यासोबत शिक्षकाच्या पाठीशी उभे राहण्याची तयारीही ठेवली पाहिजे.

चौथी वाट: दुसऱ्या वर्गात

मला स्वतःला पहिल्या वाटेला या चौथ्या वाटेची जोड द्यावीशी वाटते. सरकारी शाळेत धर्माचा उच्चारच नको, असे अमेरिकेचा कायदा सांगत नाही. 1963 च्या अ‍ॅबिंग्टन खटल्यात (तोही पेनसिल्व्हेनियातलाच) सर्वोच्च न्यायालयाने प्रार्थना म्हणून होणारे बायबलवाचन थांबवले, पण साहित्य, इतिहास आणि धर्मांचा तौलनिक अभ्यास म्हणून ते शिकवण्यास हरकत नाही, असेही नोंदवले. उत्पत्तीचा ग्रंथ, नासदीय सूक्त आणि अमेरिकेच्या मूळ रहिवाशांच्या सृष्टिकथा सामाजिक शास्त्राच्या वर्गात शेजारी शेजारी वाचल्या गेल्या तर आपल्या मुलांना त्यातून पुष्कळ मिळेल.

रचनेवरून रचनाकाराचे अनुमान हा युक्तिवाद तत्त्वज्ञानाच्या वर्गात शिकवण्याइतका मोठा आहेच, आणि तो काही फक्त ख्रिस्ती नाही. घट दिसला की कुंभार मानावा लागतो, तसे जग हे कार्य आहे म्हणून त्याचा कर्ता मानावा लागतो, असे आपले नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे तत्त्वज्ञ, म्हणत आले आणि उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त हे अनुमान कळसाला नेले. शंकराचार्यांनीही ब्रह्मसूत्रांवरच्या भाष्यात, अचेतन प्रधानातून, म्हणजे मूळ जड प्रकृतीतून, ही व्यवस्थित रचना होणार नाही, असे सांख्यांना सुनावताना घरे, राजवाडे, शय्या आणि आसने यांचे दाखले दिले. आणि यावरचे उत्तरही इथलेच आहे. घट मातीचा आणि वारूळही मातीचे, म्हणून वारूळही कुंभारानेच केले असे मानायचे का, असा बिनतोड प्रश्न बौद्ध तत्त्वज्ञ धर्मकीर्तीने सातव्या शतकात विचारला होता. असा वाद नववी-दहावीच्या मुलांनी दोन्ही बाजूंनी लढवावा, तो त्यांना आवडेल. फक्त तो जीवशास्त्राच्या गुणपत्रिकेत मोजला जाऊ नये.

वर्गाचे नाव बदलले की सगळे माफ होते, असे मात्र नाही. कॅलिफोर्नियातल्या लेबेक गावच्या एका हायस्कूलने जानेवारी 2006 मध्ये ‘रचनेचे तत्त्वज्ञान’ म्हणून जो विषय सुरू केला, त्यात एकाच बाजूची सामग्री ठासून भरलेली निघाली. पालकांनी दावा केला आणि डिस्ट्रिक्टने तो विषय त्याच महिन्यात मागे घेतला.

दशावताराचा मुद्दा इथेच घेतो, कारण मराठी मंडळांत तो हमखास निघतो. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह असा क्रम पाहून उत्क्रांती आपल्याला आधीच ठाऊक होती, असे अनेकांना मनापासून वाटते. कथा म्हणून तो क्रम मलाही मोहवतो. पण दशावतार ही एकाच ईश्वराने वेगवेगळ्या संकटसमयी घेतलेली रूपे आहेत, एका जीवजातीपासून दुसरी जीवजात कशी झाली याचे ते वर्णन नाही. आणि आपण तो विज्ञानाच्या वर्गात न्यावा असा आग्रह धरला, तर शेजाऱ्याला उत्पत्तीचा ग्रंथ तिथे आणू नका असे कोणत्या तोंडाने सांगणार? जानेवारी 2018 मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत एका केंद्रीय राज्यमंत्र्यांनी माकडाचा माणूस झालेला कोणी पाहिला नाही म्हणून डार्विन चुकीचा आहे, असे विधान केले, तेव्हा देशातल्या तिन्ही प्रमुख विज्ञान अकादमींना एकत्र निवेदन काढून त्याचे खंडन करावे लागले होते. 2023 मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला आणि अठराशेहून अधिक वैज्ञानिक व शिक्षकांनी खुल्या पत्राने विरोध केला. ही पुस्तके वापरणाऱ्या शाळांत, बारावीला जीवशास्त्र न घेणाऱ्या मुलाला तो भाग शाळेत भेटेनासा झाला. तेव्हा या प्रश्नाकडे परक्यांचा म्हणून पाहण्याचे दिवस राहिलेले नाहीत.

आपल्या मुलापुरती सोय

धोरण काहीही असो, काही पालकांना आपल्या मुलाने तो भाग ऐकू नये असे वाटते. जून 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मेरीलँडमधल्या मॉन्टगोमेरी काउंटीच्या खटल्यात, समलैंगिक व्यक्तिरेखा असलेल्या गोष्टींच्या पुस्तकांबाबत, धार्मिक कारणावरून मुलाला त्या धड्यांपुरते वगळून घेऊ पाहणाऱ्या पालकांची बाजू 6 विरुद्ध 3 मतांनी उचलून धरली. त्या खटल्यात उत्क्रांतीचा प्रश्न नव्हता, पण या निकालाचा आधार पुढे तिथेही मागितला जाईल असे मला वाटते. 2022 च्या एका निकालाने धर्म आणि शासन यांच्या फारकतीची, डोव्हरमध्ये वापरलेली जुनी कसोटीही मोडीत काढली आहे. 1987 चा निकाल अजून कायम असला तरी जमीन पूर्वीइतकी पक्की नाही, हे जाणूनच बोर्डाच्या निवडणुकीकडे पाहावे.

सृष्टिवादी पुस्तके वापरणारी खासगी धार्मिक शाळा निवडण्याचा हक्क पालकांना आहेच. त्याची किंमत प्रवेशाच्या वेळी मोजावी लागू शकते. काही ख्रिस्ती शाळांचे अशा पुस्तकांवर बेतलेले जीवशास्त्राचे अभ्यासक्रम कॅलिफोर्निया विद्यापीठाने प्रवेशासाठी ग्राह्य धरले नाहीत, आणि 2008 मध्ये केंद्रीय जिल्हा न्यायालयाने व 2010 मध्ये अपिली न्यायालयाने विद्यापीठाचा तो अधिकार मान्य केला.

बोर्डाच्या बैठकीला जाणार असाल तर प्रस्तावाचा मसुदा आधी मागवून घ्या आणि त्यातली क्रियापदे पाहा. ‘शिकवावे’, ‘जाणीव करून द्यावी’, ‘चर्चेस मुभा असावी’ यांचे कायद्यातले आणि वर्गातले परिणाम वेगवेगळे असतात. मसुदा कोणी लिहिला, विज्ञानाच्या शिक्षकांचे त्यावर लेखी मत घेतले का, सुचवलेली पुस्तके कोणाच्या पैशाने येणार आणि दावा झाला तर खर्च कोणत्या खात्यातून होणार, हे चार प्रश्न तिथे उभे राहून विचारा, आणि उत्तरे इतिवृत्तात नोंदवून घ्या. डोव्हरमध्ये पुस्तके कुठून आली हा साधा प्रश्न बोर्डाच्याच एका माजी सदस्याने बैठकीत विचारला होता, आणि त्याला सरळ उत्तर मिळाले नाही.